विरजण

पांकोमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात,
कोळशाच्या खणामागे, वाळूच्या खोक्यात
आडव्या निजलेल्या बारा बाटल्या निघाल्या.
झाकणांना गंज, लेबलं उंदरांनी कुरतडलेली,
सालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येत होते :
शहाऐंशी.

तिसऱ्या मजल्यावरून फ्राउ टेशनर उतरल्या,
गुडघ्यांशी एकेक पायरी ठरवत.
एकोणीस वर्षं त्या ह्याच बिअरच्या कारखान्यात
रात्रपाळीला
भरलेली बाटली न् बाटली दिव्यासमोर धरून बघायच्या :
काच तडकलीय का, आत माशी आहे का.
आजही बाटली हातात येताच
त्यांनी ती आधी बल्बकडे धरली.
माशी नव्हती.

टोर्बेनला बिअर नकोच होती.
त्याची स्वतःची ब्रुअरी आहे, दोन पिंपांची,
खिशात उकळून आणलेला चमचा, काचेची नळी, बूच.
त्याला तळाचा गाळ हवा होता.
त्यात कुणीतरी अजून जिवंत असेल, म्हणाला,
कारखाना गेला, यंत्रं भंगारात गेली,
पण त्यांचं विरजण इथं झोपलंय, उपाशी,
कुणीतरी गोड काही देईल म्हणून.

झाकण उडालं नाही. सुस्कारलं.
पसरट पेल्यांत फेस आला,
आम्हा तिघांना पाहिलं, गेला.

पहिल्या घोटाला आधी काहीच नाही.
मग कानशिलांखाली कुणी दोन बोटं दाबावीत तसं,
आणि दात आंबले.
मागून हिरवं सफरचंद, ओलं गवत,
आणि एक वास, बंद खोली उघडल्यावर
पहिला श्वास ज्याचा असतो तो.

नासलीय? मी विचारलं,
आणि विचारता विचारता कळलं की शब्द चुकला.
नासणं वेगळं. आंबणं वेगळं.
मुरणं तर त्याहून वेगळं, त्याला कुणीतरी विसरावं लागतं.
ह्यातलं नेमकं काय झालं होतं
ते जीभ ठरवेना.

टोर्बेन डोळे मिटून पुटपुटत होता.
मी फ्राउ टेशनरांकडे बघत होतो.
त्यांना रडू येईल असं आम्ही दोघांनी
न बोलता ठरवूनच ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, सरबत आहे का?
हिरवं नसेल तर लाल चालेल.

नुसती मी कधी प्यायलेच नाही.
एगोन प्यायचा. सरबत पोरांसाठी, म्हणायचा.
लग्नाआधी तीन रविवार मीही नुसती प्याले,
त्याच्यासमोर, हसत.
ते हसणं होतं की तोंड आवळलं होतं
हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बोलता बोलता हातानं जुनं काम केलं :
उरलेली दोन बोटं बिअर बाटलीतच गरगर फिरवली,
गाळ उठवला,
पेल्यात उपडी केली.
टोर्बेनचं ‘नको’ अर्ध्या क्षणानं उशिरा पोचलं.
गाळासकट प्यायची असते, पोरा,
त्या ओठ पुसत म्हणाल्या.
बाटलीत ठेवून जायला हे काय औषध आहे?

तो चमचा हातात घेऊन उभा.
मला हसू आलं, मग त्यालाही आलं,
जरा आंबटच.

अकरा आहेत अजून, त्या म्हणाल्या,
आणि दुसरी बाटली उचलून बल्बकडे धरली.
बराच वेळ खाली आणलीच नाही.

माशी होती.
पंख मिटून, तळाच्या पांढऱ्या थरावर,
जशी काही आत्ताच बसली.

ही माझ्या पाळीतली नाही, त्या म्हणाल्या.

नळानं दोनदा टपकून घेतलं.

असेलही.